किशोरांचा गट सुरू करताय? साहित्य सगळ्यात शेवटी शोधा

"मुलांसाठी काही चांगलं साहित्य आहे का?" ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुणांचं काम करणाऱ्यांना हा प्रश्न सारखा ऐकावा लागतो. विचारणाऱ्याकडे इंटरनेटवरून उतरवलेला एखादा धड्यांचा संच बहुधा आधीच असतो आणि पहिली सभा येत्या रविवारी असते. पण मुलं नेमकी कोण, कुठून येणार, त्यांच्याबरोबर खोलीत कोण बसणार, यातलं काहीच ठरलेलं नसतं. मग दिवाळीपर्यंत मुलं गळतात आणि दोष साहित्याला दिला जातो.

चूक क्रमाची आहे. आधी मुलं ओळखायची, मग माणसं उभी करायची, सुरक्षिततेचे नियम ठरवायचे, वेळ बसवायची आणि त्यानंतर साहित्य निवडायचं. खाली तोच क्रम दिला आहे. लेख पुण्यातल्या प्रोटेस्टंट मंडळीला धरून लिहिला आहे. कॅथलिक वाचकांनी पंचायतीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) जागी पॅरिश कौन्सिल आणि पाळकसाहेबांच्या जागी फादर धरावेत. बाकी कामात फारसा फरक पडत नाही. तयारीला दीड महिना तरी द्या. जूनमध्ये शाळा उघडताना गट सुरू करायचा असेल तर एप्रिलच्या शेवटीच कामाला लागा.

## टप्पा 1: मुलांची यादी आणि वयाची रेषा

मंडळीचं रजिस्टर काढा आणि 12 ते 18 वयाच्या प्रत्येक मुलामुलीचं नाव वेगळ्या वहीत उतरवा. फक्त उपासनेला येणाऱ्यांची नावं लिहून थांबू नका. जी मुलं नाताळ सोडला तर दिसत नाहीत, त्यांचीही नावं त्यात हवीत. शब्बाथ शाळेच्या, म्हणजे रविवारच्या मुलांच्या वर्गाच्या, शिक्षिकांना वही दाखवा. कोणाची मुलं वाघोलीला राहायला गेली, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे रजिस्टरला माहीत नसतं, त्यांना असतं.

मग वयाची रेषा आखा. आपल्याकडे "तरुण संघ" म्हटला की तेराव्या वर्षापासून तिशी ओलांडलेल्यांपर्यंत सगळे एकाच सतरंजीवर बसतात. सातवीतली मुलगी आणि नोकरी करणारा सव्वीस वर्षांचा तरुण यांना एकाच गटात बसवणं शिकवण्याच्या दृष्टीने निरुपयोगी आहे आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने चुकीचं. 18 वर्षांवरच्यांचा संघ वेगळा ठेवा. त्याखालच्यांचे दोन भाग करा: सातवी ते नववी एक, दहावी ते बारावी दुसरा. मुलं दहाच्या आत असतील तर गाणी आणि वाचन एकत्र घ्या, चर्चेला मात्र वेगळं बसवा. सोळा वर्षांचा मुलगा तेरा वर्षांच्यांसमोर आपली खरी अडचण बोलणार नाही.

यादी झाली की घरी जा. फोन करून काम भागवू नका. आईवडील आणि मूल दोघंही घरात असतील अशी वेळ ठरवा आणि मुलाला तीनच गोष्टी विचारा: रविवारी क्लास किंवा टेस्ट असते का? मराठी वाचायला जमतं का? आपल्या मंडळीत तुला कंटाळा कशाचा येतो? तिसऱ्या प्रश्नाला आईच्या डोळ्यांकडे बघत "कशाचाच नाही" असं उत्तर येतं. तेव्हा थांबा, चहा घ्या, आणि निघताना जिन्यात पुन्हा विचारा.

तपासा: यादीतल्या निम्म्याहून जास्त घरी जाऊन येईपर्यंत पहिल्या सभेची तारीख जाहीर करू नका.

## टप्पा 2: परवानगी आणि दोन मोठी माणसं

पाळकसाहेबांची तोंडी संमती पुरत नाही. पंचायतीच्या बैठकीत विषय मांडा आणि गटाचं नाव, वयोगट, जबाबदार माणसं, जागा, वेळ आणि खर्च इतक्या गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्या. पुढे कोणी "हे कोणाच्या परवानगीने चाललंय?" असं विचारलं तर दाखवायला कागद असतो. पाळकांची बदली झाली तरी गट टिकतो.

प्रत्येक सभेला खोलीत किमान दोन प्रौढ हवेत, एक स्त्री आणि एक पुरुष. दोघंही एकाच घरातले नसावेत. त्यांची निवड करताना गिटार वाजवता येते का, इंग्रजी फाडफाड बोलता येतं का, हे बघितलं जातं. त्याआधी बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: हा माणूस वेळेवर येतो का, मुलाचं बोलणं मध्येच न तोडता ऐकतो का, कानावर आलेली गोष्ट पोटात ठेवतो का. साठीतली निवृत्त नर्स किंवा शांत स्वभावाचा एखादा रिक्षाचालक या कामाला उत्साही पण बेभरवशाच्या कॉलेजकुमारापेक्षा बरा.

मंडळीत माणसं कमी असतील तर पुण्यात एक सोय आहे, ती फारशी वापरली जात नाही. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे आणि नगर रोडवर रामवाडीला ज्ञानदीप विद्यापीठ व पेपल सेमिनरी. ईशज्ञान, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र, शिकणारे विद्यार्थी अशा कामात हातभार लावू शकतात. संस्थेला मंडळीच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि एका वर्षासाठी ठरावीक माणूस मागा. मात्र तो विद्यार्थी मदतनीस असेल. वर्षभराने तो निघून जाणार, म्हणून मुख्य जबाबदारी मंडळीतल्याच माणसाकडे ठेवा.

पैशाचं थोडक्यात: मुलांकडून वर्गणी काढू नका. खाऊचा खर्च मंडळीच्या खजिनदारामार्फत, पावतीसह करा.

## टप्पा 3: सुरक्षिततेचे नियम, पहिल्या सभेच्या आधी

हा टप्पा "आपल्याकडे असलं काही होत नाही" या एका वाक्यावर गुंडाळला जातो. कृपया तसं करू नका. विश्वासाने मुलं आपल्या हाती दिली जातात, आणि ज्या ठिकाणी विश्वास जास्त तिथे नजर कमी असते.

नियम एका पानावर छापा आणि पालकांना, मुलांना व जबाबदार माणसांना, तिघांनाही द्या:

1. कोणतीही मोठी व्यक्ती एका मुलाबरोबर बंद खोलीत बसणार नाही. एकट्याने बोलायचं असेल तर दार उघडं ठेवून, दुसऱ्याला दिसेल अशा जागी.
2. कोणीही मुलाला एकट्याला गाडीवरून घरी सोडणार नाही. उशीर झाला तर पालकांना फोन करायचा आणि दोघांनी थांबायचं.
3. खाजगी मेसेज नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप 13 वर्षांखालच्यांसाठी नाही, म्हणून लहान गटाची माहिती पालकांच्याच ग्रुपवर जाईल. मोठ्या गटाच्या ग्रुपमध्ये दोन्ही जबाबदार माणसं अ‍ॅडमिन असतील आणि रात्री नऊनंतर मेसेज जाणार नाही.
4. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकले जाणार नाहीत.
5. अंगाला हात लावून प्रार्थना करायची असेल तर आधी विचारायचं. मूल "नको" म्हणालं तर तिथेच विषय संपला.

सोबत संमतीपत्र घ्या. त्यात मुलाची जन्मतारीख, पालकांचे दोन फोन नंबर, औषधं आणि अ‍ॅलर्जी, घरी न्यायला कोण येणार आणि फोटोची परवानगी एवढं हवं. हे कागद कार्यालयाच्या कुलूपबंद कपाटात ठेवा. कोणाच्या पिशवीत फिरायला नकोत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एखाद्या मुलाने अत्याचाराची गोष्ट सांगितली तर काय करायचं, हे दोन्ही जबाबदार माणसांना तोंडपाठ हवं. 18 वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती 2012 च्या पॉक्सो (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण) कायद्याखाली बालक आहे. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होण्याची भीती वाटली, तर स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. हा कायदा मंडळीलाही लागू आहे.

त्या वेळी शांतपणे ऐका. "नक्की का?", "तू तिथे का गेलीस?" असे प्रश्न विचारू नका. मूल जे शब्द वापरेल तेच, तारीख घालून, लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. "कोणाला सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका, त्याऐवजी म्हणा, "तू सांगितलंस ते बरं केलंस. तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला ज्यांना सांगावं लागेल त्यांना मी सांगणार आहे." त्याच दिवशी कळवा. चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर चोवीस तास चालतो आणि तातडी असेल तर 112 आहेच.

सावध: प्रकरण आधी पंचायतीत नेऊन "आपसात मिटवणं", संबंधित माणसाला बोलावून समोरासमोर विचारणं आणि मुलाला क्षमेची प्रार्थना करायला लावणं, या तिन्ही गोष्टी मुलाचं आणखी नुकसान करतात.

मानसिक त्रासाचंही असंच. मूल जगण्याचा कंटाळा आल्याचं बोललं तर ते "विश्वास कमी पडतोय" म्हणून झटकू नका. थेट आणि मायेने विचारा, पालकांना विश्वासात घ्या, डॉक्टरांकडे पाठवा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 वर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. प्रार्थना करा, आणि नंबरही लावा.

## टप्पा 4: वेळ आणि पुण्याचं वर्ष

सर्वांत सोयीची वेळ, माझ्या मते, रविवारची उपासना संपल्यावर लगेच. आईवडील महिला संघ, पंचायत किंवा गायनपथकाच्या कामात तिथेच असतात, आणि हडपसर किंवा पिंपरीहून येणाऱ्या मुलाला दुसरी खेप पडत नाही. अट एकच: आधी पोटात काहीतरी जाऊ द्या. पोहे, वडापाव, केळी, काहीही चालेल. नववी-दहावीतल्या बऱ्याच जणांची रविवारी सकाळी टेस्ट असेल तर शनिवारी संध्याकाळी भेटा. टप्पा 1 मधल्या भेटींत हे कळलेलं असेलच. सव्वा तास पुरे.

वर्षाचं वेळापत्रक एका बैठकीत करून टाका:

जूनमध्ये सुरुवात. पालख्या पुण्यात मुक्कामी असतात आणि पुढे हडपसरच्या दिशेने निघतात, त्या दिवसांत पेठा, कॅम्प आणि सोलापूर रोडच्या बाजूची मुलं पोहोचू शकत नाहीत, तेव्हा सुट्टी द्या. गणेशोत्सवात अनंत चतुर्दशीच्या जवळचा रविवार सोडा. ऑक्टोबरमध्ये सहामाहीच्या आधी एक आठवडा विश्रांती.

नोव्हेंबरपासून काळजी घ्या. नाताळ जवळ आला की गटाचा ताबा कॅरल, नाटिका आणि सजावट घेतात. सभेच्या वेळेत पताका कापल्या जातात, जानेवारीत सगळे दमलेले असतात आणि "पुन्हा सुरू करू" म्हणता म्हणता फेब्रुवारी येतो. नाताळची तयारी वेगळ्या दिवशी ठेवा. गटाची वेळ अर्ध्या तासावर आणली तरी चालेल, बंद करू नका. किशोरांकडे मंडळीने फुकटचे कामकरी हात म्हणून पाहिलं की मुलांना ते लगेच कळतं.

बारावी आणि दहावीच्या बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, आणि बहुतेक वर्षी ईस्टरच्या आधीचा उपवासकाळही तेव्हाच असतो. परीक्षेच्या मुलांना हजेरीतून पूर्ण मोकळं करा. आठवड्यातून एकदा पालकांच्या फोनवरून पाच मिनिटं बोला, प्रार्थना करा, बस. "देवाला पहिलं स्थान दे, मार्क आपोआप पडतील" असं कोणी व्यासपीठावरून म्हणत असेल तर पाळकसाहेबांशी बोलून ते थांबवा. मार्क पडले नाहीत तर त्या मुलाच्या मनात देव खोटा ठरतो.

## टप्पा 5: आता साहित्य

बायबल. मराठीत एकापेक्षा जास्त भाषांतरं आहेत. व्यासपीठावरून वाचलं जातं ते बायबल सोसायटीचं "पवित्र शास्त्र" मुलांच्या कानाला ओळखीचं असतं, पण त्याची वाक्यं त्यांना लांब वाटतात. सोप्या भाषेतल्या आवृत्त्याही मिळतात. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं, 1924 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापून पूर्ण झालेलं भाषांतर शिकवणाऱ्याने तयारीला जवळ ठेवावं. गटात मात्र सर्वांच्या हातात एकच सोपी आवृत्ती असू द्या. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलं एकत्र येत असतील तर लक्षात ठेवा की कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं आहेत, प्रोटेस्टंटमध्ये 66.

युव्हर्जनसारख्या अ‍ॅपवर मराठी आवृत्त्या फुकट आहेत, पण सभेत मोबाईल बाहेर काढायला लावू नका. त्या दिवशीचा उतारा मोठ्या अक्षरात एका पानावर छापून द्या, समासात भरपूर जागा सोडा. इंग्रजी माध्यमातली मुलं मराठी छान बोलतात, देवनागरी मात्र अडखळत वाचतात. म्हणून गोलात बसवून एकेक ओळ वाचायला लावण्याची सवय सोडा. ज्याला वाचता येत नाही तो आपली पाळी येईपर्यंत घाबरून बसतो आणि पुढच्या रविवारी येत नाही. एका चांगल्या वाचकाने दोनदा वाचावं, बाकीच्यांनी पेन्सिल घेऊन ऐकावं.

पहिलं सत्र. बायबलमधलं मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कने सांगितलेली येशूची कथा, घ्या. सोळाच अध्याय, वेगवान प्रसंग. जून ते ऑक्टोबरसाठी हे बारा उतारे पुरतात (आधी अध्याय, मग वचनं): 1:40–45, 2:1–12, 4:35–41, 5:21–43, 6:30–44, 9:14–29, 10:17–31, 10:46–52, 14:32–42, 14:66–72, 15:21–39, 16:1–8. 5:21–43 मधल्या याइराच्या मुलीचं वय बारा असल्याचं मार्क मुद्दाम सांगतो. लहान गटाला तो उतारा देताना ही ओळ त्यांनाच शोधू द्या.

इंटरनेटवरचे धडे. वापरा, पण चार चाळण्या लावून. लिहिणारा कोण, कोणत्या पंथाचा? बाप्तिस्मा, मरिया, पवित्र आत्म्याची दानं या विषयांवर आपल्या मंडळीच्या शिकवणीशी जुळतं का? (शंका असेल तर पाळकसाहेबांना दाखवा.) उदाहरणं आपल्या मुलांच्या आयुष्यातली आहेत का? बाहेरच्या देशातल्या शाळांमधला डान्स आणि सोळाव्या वर्षी मिळणारी गाडी वानवडीच्या मुलाला काही सांगत नाही. क्लासची फी, एका खोलीतलं घर, बाबांचं पिणं, शेजाऱ्यांच्या नजरा सांगतात. आणि चौथी चाळणी: शेवटी मुलाकडून काय मागितलं आहे? पैसे, फोन नंबर, किंवा "घरी सांगू नकोस" असं काही असेल तर तो धडा तिथेच बाजूला ठेवा.

सावध: यंत्राने केलेलं मराठी भाषांतर जसंच्या तसं छापू नका. मोठ्याने वाचून बघा. तुमची जीभ अडखळली तर मुलं हसतील.

गाणी. एक जुनं उपासनेतलं, एक नवं. मराठी भजन हार्मोनियम-ढोलकीवर बसवा, मुलांना ते आवडतं. दर आठवड्याला एका मुलाने गाणं निवडावं.

माणसं. हे साहित्य कुठल्याही संचात नसतं. महिन्यातून एकदा मंडळीतल्या एका माणसाला दहा मिनिटांसाठी बोलवा: रात्रपाळी करणारी नर्स, धंद्यात बुडून पुन्हा उभा राहिलेला, नवरा गेल्यावर एकटीने मुलं वाढवलेली बाई. विषय एकच द्या, "विश्वास ठेवणं मला अवघड गेलं तेव्हा." चमत्काराची साक्ष या वेळी नको. आणि शक्य झालं तर वर्षातून एकदा आधी परवानगी घेऊन केडगावच्या मुक्ती मिशनला जा. स्टेशन पुणे-दौंड मार्गावरच आहे.

## टप्पा 6: एक सभा, मिनिटांच्या हिशेबाने

मार्क 2:1–12 घेऊ. चार जण पक्षाघात झालेल्या माणसाला खाटेवर घालून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही, तेव्हा छप्पर उघडून त्याला येशूसमोर खाली सोडतात.

1. पहिली पंधरा मिनिटं: खाणं. याच वेळात ज्याच्याशी मागच्या वेळी बोलणं झालं नाही त्याच्याजवळ जाऊन बसा. सतरंजीवर गोल करून बसा. बाकांच्या रांगा लावल्या की वर्ग भरतो.
2. दहा मिनिटं: दोन गाणी, एक छोटी प्रार्थना. प्रार्थना मोठ्या माणसाने करावी, सुरुवातीचे दोन महिने कोणाही मुलाला अचानक "तू कर" म्हणू नये.
3. दहा मिनिटं: उतारा दोनदा वाचन. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा आश्चर्य वाटेल तिथे पानावर खूण करायची.
4. पंचवीस मिनिटं: चर्चा.
5. दहा मिनिटं: शांतता. कागदावर एक ओळ लिहायची, दाखवायची सक्ती नाही. मग समारोपाची प्रार्थना.
6. पाच मिनिटं: कोण कोणाबरोबर घरी चाललंय ते बघणं.

चर्चेतले प्रश्न सोप्याकडून खोलाकडे न्या. "छप्पर मोडलं त्या घराच्या मालकाला काय वाटलं असेल?" इथे सगळे बोलतात. "येशूने कोणाचा विश्वास पाहिला?" इथे मुलं पटकन "आजाऱ्याचा" म्हणतात. त्यांना पाचवं वचन पुन्हा वाचायला लावा. तिथे त्यांचा, म्हणजे घेऊन आलेल्यांचाही, विश्वास आहे. मग विचारा, "आजारी माणूस या प्रसंगात किती वेळा बोलतो?" पेन्सिल घेऊन शोधू द्या. तो एकदाही बोलत नाही. हे सापडल्यावर खोली थोडी शांत होते, आणि मग विचारायचं: "तुला स्वतःहून प्रार्थना करता येत नाही अशा वेळी तुला उचलून नेणारे चौघं कोण?" काहींना चार नावं सुचत नाहीत. "सुचत नसतील तरी चालेल, जेवढी सुचतात तेवढी लिही" असं सांगा. त्या मुलाकडे पुढच्या आठवड्यात जायचं, हे तुमच्या वहीत लिहा.

सावध: प्रश्न विचारल्यावर शांतता पसरली की शिकवणारा घाबरून स्वतःच उत्तर देतो. देऊ नका. मनात वीसपर्यंत मोजा. मुलं विचार करत असतात.

तपासा: सभेत तुमचं बोलणं एकूण वेळेच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त झालं का? दुसऱ्या जबाबदार व्यक्तीला घड्याळ लावायला सांगा.

## टप्पा 7: अवघड प्रश्न

एक झाकणाचा डबा ठेवा. मुलं नाव न घालता चिठ्ठी टाकतील. चिठ्ठ्या सभेनंतर दोघांनी मिळून वाचायच्या आणि पुढच्या वेळी एकच घ्यायची. चिठ्ठीत धोक्याचं काही असेल तर ती गटात वाचायची नाही, टप्पा 3 प्रमाणे पावलं उचलायची.

पुण्यात हमखास येणारे काही प्रश्न असे:

"मित्राच्या घरी गणपतीचा प्रसाद देतात, खायचा का?" घराघरांत वेगळी रीत आहे, आणि तुम्ही एका वाक्यात निकाल दिलात तर अर्ध्या मुलांच्या आईवडिलांना चुकीचं ठरवाल. पौलाच्या 1 करिंथ या पत्राचे 8 आणि 10 हे अध्याय वाचा, पण दहावा अध्याय पूर्ण वाचा. त्यात मूर्तींच्या पंक्तीत सहभागी होण्याविरुद्ध कडक शब्द आहेत, आणि समोर वाढलेलं चौकशी न करता खा असंही आहे. वर दुसऱ्याच्या विवेकाचा विचार करायला सांगितलं आहे. मुलांना दोन्ही बाजू मांडू द्या. शेवटी दोन गोष्टी पक्क्या करा: घरच्यांशी बोलून ठरवायचं, आणि नाही म्हणायचं असेल तर दोन्ही हात जोडून, मित्राच्या आईचा मान राखून म्हणायचं. यजमानाच्या देवाची टिंगल करणाऱ्याला पौलाचा आधार मिळत नाही.

"वर्गात विचारतात, तू ख्रिश्चन, मग आडनाव मराठी कसं?" हा प्रश्न ज्याने झेललाय त्यालाच तो किती बोचतो ते कळतं. चिडून किंवा लाजून उत्तर देऊ नये यासाठी मुलांना आधी सराव द्या. दोघांनी समोरासमोर उभं राहून ही प्रश्नोत्तरं करून बघावीत. "आम्ही मराठीच आहोत, घरी भाकरीच खातो आणि येशूची प्रार्थनाही मराठीतच करतो," इतकं साधं उत्तर पुरतं. "कितीला कन्व्हर्ट झालात?" असं कोणी हिणवलं तर वाद न घालता निघून येणं आणि मोठ्यांना सांगणं, हेही शिकवा.

"एवढी प्रार्थना केली तरी आजी गेली." इथे उत्तर देऊ नका. आजीचं नाव विचारा, ती काय करायची ते विचारा. त्या दिवशी एवढंच. नंतर कधीतरी स्तोत्र 13 आणि 88 एकत्र वाचा. 88वं स्तोत्र अंधारातच संपतं आणि तरी ते बायबलमध्ये आहे. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत येशूनेही दुःखाचा प्याला दूर करण्याची विनंती केली होती, आणि तो प्याला दूर झाला नाही. "देवाला तिची जास्त गरज होती" हे वाक्य मात्र कोणाच्याही तोंडून येऊ देऊ नका.

"माझा विश्वासच राहिला नाही." हे ऐकून चेहरा पाडू नका, आईला लगेच फोन लावू नका. मार्क 9:24 मधला आजारी मुलाचा बाप एकाच श्वासात विश्वास आणि अविश्वास दोन्ही बोलतो, आणि येशू त्याला परत पाठवत नाही. त्या मुलाचं गाण्यातलं किंवा खाऊ वाटण्याचं काम काढून घेऊ नका. काम राहिलं तर माणूस येत राहतो.

दुसऱ्या धर्माचा मित्र गटात आला तर? येऊ द्या, पण त्याच्या पालकांशी स्वतः बोला, ते हो म्हणाले तरच पुढच्या वेळी. अल्पवयीन पाहुण्याला पुढे बोलावणं, निर्णय घ्यायला लावणं, नावनोंदणी करणं, यातलं काहीही करायचं नाही. त्याच्या घरच्यांना अंधारात ठेवून केलेली कोणतीही गोष्ट चुकीची आहे.

उत्क्रांती, विश्वाची उत्पत्ती असे प्रश्न आले तर मंडळीतल्या डॉक्टरांना किंवा विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना बोलवा. तुम्हाला येत नसेल तर "मी विचारून सांगते" म्हणा आणि पुढच्या रविवारी खरंच सांगा.

## टप्पा 8: तीन महिन्यांनी

सप्टेंबरमध्ये वही काढा. हजेरीचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी हे बघा: यादीतलं कोण एकदाही आलं नाही, कोण येऊन थांबलं, कोण कधीच बोलत नाही. त्या तिघा-चौघांच्या घरी पुन्हा जा. "आला नाहीस का?" असं विचारून सुरुवात करू नका, शाळेचं, आजोबांच्या गुडघ्याचं, क्रिकेटचं विचारा.

मोठ्या गटातल्या मुलांना कामं द्या. उतारा वाचणं, एक प्रश्न तयार करून आणणं, लहान गटाची सतरंजी घालणं, पाहुण्याला बसवून घेणं. एकाला एकच काम, सलग चार आठवडे. चुकलं तर सभेत टोकू नका, नंतर बाजूला, दार उघडं ठेवून बोला.

बारावीनंतर मुलं पांगतात. निकाल लागला की प्रत्येकाला तीन गोष्टी द्या: त्याच्या नव्या गावातल्या किंवा नव्या भागातल्या मंडळीचा फोन नंबर, तिथल्या पाळकांना तुम्ही केलेला फोन, आणि कॉलेजातल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या गटाची माहिती. प्रोटेस्टंट मुलांसाठी यूईएसआय (युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया) आणि एससीएमआय (स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट ऑफ इंडिया), कॅथलिक मुलांसाठी आयसीवायएम (इंडियन कॅथलिक यूथ मूव्हमेंट) ही तरुणांची चळवळ, यांच्या शाखा चौकशी केल्यावर सापडतात. पुण्यातच राहणाऱ्यांना 18 पूर्ण झाल्यावर तरुण संघात पाठवा, आणि पहिल्या सभेला त्यांच्याबरोबर स्वतः जा.

जूनची नवी यादी पुन्हा रजिस्टरवरूनच करा. गेल्या वर्षीची वही पुढे ढकलली तर सहावीतून सातवीत आलेली मुलं तिच्यात नसतील.